अतिशयोक्ती कुठे संपते आणि थाप कुठे सुरू होते?

दमडीचं तेल आणलं. त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, भावोजींची शेंडी झाली. उरलेलं तेल झाकून ठेवलं, त्याला लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला आणि त्यात उंट पोहून गेला! अतिशयोक्ती अलंकार शिकवताना हे उदाहरण मराठीच्या तासाला हमखास यायचं. ते ऐकून कुणी घरी जाऊन तसलं तेल मागितल्याचं ऐकिवात नाही. उंट आला की ऐकणाऱ्याला कळतं, ही गंमत चालली आहे.

आता समजा एखाद्या कंपनीने छापलं, 'आमची एक बाटली चौघांच्या कुटुंबाला महिनाभर पुरते.' यात उंट नाही, लांडोर नाही. वाक्य शांत आणि हिशेबी आहे, म्हणून वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो आणि त्या भरवशावर खिशात हात घालतो. ते खोटं असेल तर नुकसान वाचणाऱ्याचं होतं. जाहिरातीतली कल्पकता आणि जबाबदारी मोजताना माझ्या मते सगळ्यात उपयोगी कसोटी हीच आहे: ही अतिशयोक्ती ओळखू यावी म्हणून केली आहे, की ओळखू येऊ नये म्हणून?

ही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. मुंबईत 1985 साली जाहिरात उद्योगानेच स्थापन केलेली एक संस्था आहे, अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. या धंद्यातली माणसं तिला 'आस्की' म्हणतात. तिच्या संहितेत साधारण अशाच अर्थाचं कलम आहे: उघड दिसणारी, हसवण्यासाठी किंवा लक्ष वेधण्यासाठी केलेली अतिशयोक्ती चालेल, पण ग्राहकाने ती खरी मानण्याची शक्यता नको. संहितेचे भाग चार. जाहिरात खरी आणि प्रामाणिक असावी, असभ्य नसावी, घातक गोष्टींना खतपाणी घालणारी नसावी आणि प्रतिस्पर्ध्याशी न्यायाने वागणारी असावी.

फेव्हिकॉलची बसची जाहिरात आठवा. वाळवंटातला खडबडीत रस्ता, बसच्या टपावर, पाठीमागे, खिडक्यांना लटकलेली शंभर माणसं, बस हेलकावे खाते आणि कुणीही पडत नाही. शेवटी बसच्या मागे फेव्हिकॉलचा फलक दिसतो. पियूष पांडे आणि त्यांच्या ओगिल्व्ही एजन्सीने केलेल्या या कामात डिंकाच्या ताकदीबद्दल मोजता येईल असा एकही दावा नाही. तरी नाव असं चिकटलं की आता दोन माणसांच्या मैत्रीलाही लोक 'फेव्हिकॉल का जोड' म्हणतात.

'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली' यातही दावा नाही. साबणाने काय होतं हे ती सांगतच नाही; पहाटेच्या अभ्यंगस्नानाच्या शेजारी साबणाची वडी नेऊन ठेवते आणि गप्प बसते. एका व्यापारी कंपनीने सणात अशी जागा पटकावणं कुणाला खटकू शकतं, पण फसवणूक म्हणता येत नाही.

दावा करायचा आणि तरीही कल्पक राहायचं, हे जास्त अवघड. सर्फ या धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीतली ललिताजी हे त्याचं उत्तम उदाहरण. निर्मा स्वस्तात विकली जात होती, सर्फ महाग होती. लिंटास एजन्सीच्या अलेक पदमसी यांनी भाव कमी केल्याचा आव आणला नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, कविता चौधरी यांनी साकारलेली एक खमकी गृहिणी त्यांनी उभी केली. तिने सांगितलेला हिशेब सोपा होता: महाग पावडर कमी लागते, म्हणून शेवटी परवडते. हा हिशेब कुठलीही बाई आपल्या मोरीत करून बघू शकत होती. पटला तर ठीक, नाहीतर निर्मा होतीच. माणसाला तपासायला वाव देणारा दावा मला नेहमीच जास्त प्रामाणिक वाटतो.

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ. शांत आणि हिशेबी वाक्यांचा एक कारखानाच असतो. त्यातली हत्यारं छोटी असतात. 'पर्यंत' हे एक. 50 टक्क्यांपर्यंत सूट म्हणजे दुकानातल्या एका कोपऱ्यातल्या चार शर्टांवर 50 आणि बाकी सगळ्यावर 10. 'पासून' हे त्याचं भावंड. फ्लॅटच्या जाहिरातीत ते आकड्याच्या शेजारी इतकं बारीक छापलेलं असतं की ते वाचायला भिंग लागावं. तिसरं हत्यार म्हणजे 'मदत करते'. 'उंची वाढवते' म्हटलं तर पुरावा मागितला जाईल, म्हणून 'वाढीला मदत करते'. दूध-पोळीही वाढीला मदत करतेच की! चौथं म्हणजे चांदणी (*). मोठ्या अक्षरात '99.9 टक्के जंतू नष्ट', वर एक चांदणी, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रयोगशाळेतील चाचणीनुसार, ठरावीक जंतूंवर'. तुमच्या न्हाणीघराची प्रयोगशाळा नसते, हे सांगायची जबाबदारी त्या मुंगीवर टाकलेली असते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात या मुंगीची चांगली दखल घेतली आहे. खुलासा ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत हवा. मराठी जाहिरातीचा तळटीपेतला खुलासा इंग्रजीत, हा जुना खेळ त्यात बसत नाही. अक्षरही दाव्याच्याच अक्षरासारखं हवं. दावा आवाजात केला असेल तर खुलासाही त्याच्या जोडीने आणि त्याच वेगाने यायला हवा; शेवटच्या दोन सेकंदांत घोड्यावर बसून पळणारा आवाज चालणार नाही. आणि मुख्य म्हणजे, खुलासा दाव्याला पूरक असू शकतो, दाव्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. वर 'मोफत' आणि खाली 'शुल्क लागू' असं छापलं, तर तो खुलासा नसून कबुली आहे.

महाराष्ट्रात हे नियम वाचावेत तर शिकवणीच्या फ्लेक्सखाली उभं राहून. पुण्यातले पेठांमधले चौक, लातूर, छत्रपती संभाजीनगर, कुठेही जा. निकाल लागला की रात्रीत गुणवंतांच्या फोटोंची भिंत उभी राहते. एकच हसरा चेहरा चार वेगवेगळ्या संस्थांच्या फ्लेक्सवर दिसला, तर चौघीही खोटं बोलतायत असं नाही, गंमत इथेच आहे. मुलाने एकीकडे पूर्ण वर्ग केला असेल, दुसरीकडे सराव परीक्षा दिली असेल, तिसरीकडे फुकटच्या मुलाखत मार्गदर्शनाला एक दुपार बसला असेल. प्रत्येक फ्लेक्स शब्दशः खरा. पण शेतकरी बाप तो फोटो बघतो आणि दीड-दोन लाखांची पूर्ण फी भरतो, कारण त्याला वाटतं हा मुलगा इथे घडला. कोणता अभ्यासक्रम, किती दिवसांचा, पैसे देऊन की फुकट, एवढंच गाळलं की खऱ्या फोटोची थाप होते. नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली, ती याच गाळलेल्या जागेवर बोट ठेवतात. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला ते सांगायचं आणि त्याचं नाव-फोटो वापरायला निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यायची. प्राधिकरणाने अनेक संस्थांना दंडही केले आहेत. तरी चौकातला फ्लेक्स तिथेच आहे, कारण तो लावणारा बहुतेक वेळा गावातलाच कुणीतरी वजनदार असतो.

घर घेणाऱ्यांच्या बाबतीत महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, एक साधी युक्ती केली. ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड सक्तीचा केला. जाहिरातीत जलतरण तलाव कितीही निळा असो, मोबाइल धरला की मंजूर काय आहे, ताबा कधी आहे, ते समोर येतं. जाहिरातीच्या भाषेवर लगाम घालण्यापेक्षा तिच्या शेजारीच तपासणीची खिडकी उघडणं मला शहाणपणाचं वाटतं.

औषधांच्या बाबतीत मात्र खिडकी पुरत नाही, कारण फसल्याची किंमत पैशात भागत नाही. म्हणून 1954 सालचा कायदा आहे, औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. मधुमेह, कर्करोग, मूतखडा, लठ्ठपणा अशा आजारांची त्यात यादीच आहे. हे बरं करण्याच्या औषधाची जाहिरात सामान्य लोकांसाठी करायचीच नाही. कर्करोग झालेल्या माणसाला 'हमखास' हा शब्द किती मोलाचा वाटतो, ते ज्याच्या घरात तो आजार आला त्याला विचारा. यादीत उंची वाढवण्याचाही उल्लेख आहे. मग लहान मुलं अमुक पावडर पिऊन उंच होताना इतकी वर्षं टीव्हीवर कशी दिसली? कायद्यातल्या औषधाच्या व्याख्येतून अन्न वगळलेलं आहे. दुधात घालायची पावडर हे अन्न, तिला नियम वेगळे. कल्पक माणसं पटकथेत असतात तितकीच व्याख्यांच्या फटीतही असतात. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. त्याच्या वर्षभर आधी एका माणसाच्या इन्स्टाग्रामवरच्या व्हिडिओने बोर्नव्हिटातल्या साखरेवर रान उठवलं होतं.

याच 1954 च्या कायद्याच्या आधाराने, रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तापलं. इंडियन मेडिकल असोसिएशन 2022 साली न्यायालयात गेली. नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीने पुन्हा असं होणार नाही अशी हमी दिली आणि जाहिराती तरीही चालू राहिल्या. मग अवमानाची नोटीस. एप्रिल 2024 मध्ये 67 वर्तमानपत्रांत माफी छापून आली, तेव्हा न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठाने विचारलं, ही माफी तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे का? माफी पुन्हा, मोठी छापली गेली. मला या प्रश्नात न्यायालयाची जाहिरातीच्या धंद्याची पक्की समज दिसते. मोठ्या अक्षरांची ताकद तुम्हाला माहीत आहे म्हणून तर तुम्ही त्यांचे पैसे मोजता. मग पश्चात्तापाच्या वेळीच अक्षर का आक्रसतं? अवमानाची कारवाई ऑगस्ट 2024 मध्ये माफी स्वीकारून संपली.

इथवर दावा खरा की खोटा एवढंच पाहिलं. पण काही जाहिरातींत खोटं काहीच नसतं आणि तरी त्या कुणाला तरी लागतात. फेअर अँड लव्हली 1975 पासून या देशात विकली गेली. क्रीमने रंग किती उजळतो हा वाद बाजूला ठेवा. सावळी मुलगी नोकरीच्या मुलाखतीत नाकारली जाते, लग्नाच्या बोलणीत नाकारली जाते, उजळते आणि जग जिंकते, ही गोष्ट पुनःपुन्हा सांगितली गेली. ती पाहत मोठ्या झालेल्या मुलींना ट्यूबमधली रसायनं तपासून काय दिलासा मिळणार होता? आस्कीने 2014 मध्ये सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक, अपयशी दाखवायला मनाई केली. 2020 मध्ये क्रीमचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदलायला 45 वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या जाहिरातींचं छायाचित्रण, संगीत, अभिनय यांत कुठेही हलगर्जी नव्हती.

बंदी असलेल्या मालाची गोष्ट याहून बेरकी आहे. दारू आणि तंबाखूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाचा सोडा, त्याच नावाची वेलची. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी हिंदीतले बडे नट केशराचा एकेक दाणा असल्यासारख्या भक्तिभावाने वेलचीचं पाकीट फाडताना मराठी घरांत रोज दिसतात. वेलचीला एवढे नट कशाला लागतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. अमिताभ बच्चन 2021 मध्ये अशा एका करारातून बाहेर पडले, अक्षय कुमारने 2022 मध्ये जाहीर माफी मागितली. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे, पण 'खरंच वेलची विकतो' हे दाखवायला थोडी वेलची विकली की वाद सुरू होतो.

आणि कधी कधी जबाबदारी मजकुराची नसतेच. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 माणसं गेली. पालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची. हे 120 बाय 120 फुटांचं होतं. भव्यता हीच कल्पना, असं मानणाऱ्यांनी ते उभं केलं होतं.

मग जाहिरातीची कल्पकता मोजतं कोण? बक्षीस देणारे. फ्रान्समधल्या कान शहरात दर जूनला या धंद्याचा मेळा भरतो. तिथल्या ज्युरीसमोर जाहिरातीबरोबर दोनेक मिनिटांची 'केस फिल्म'ही येते: आम्ही काय केलं आणि जग कसं हललं. म्हणजे जाहिरातीची जाहिरात. 2025 मध्ये ब्राझीलच्या डीएम 9 एजन्सीचं सर्वोच्च बक्षीस काढून घेतलं गेलं, कारण केस फिल्ममधली बातमीची दृश्यं एआयने बदललेली निघाली. आपल्याकडे 2013 मध्ये फोर्ड फिगोच्या पोस्टरांनी लाज आणली. हातपाय बांधलेल्या बायका गाडीच्या डिकीत, पुढे चालक म्हणून इटलीचे बर्लुस्कोनी, आणि संदेश डिकी मोठी असल्याचा. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. ती पोस्टरं गाडी विकायला लावलेलीच नव्हती. एजन्सीतल्या लोकांनी आपली करामत दाखवायला बनवून इंटरनेटवर टाकली होती. अशा कामाला धंद्यात 'स्कॅम अॅड' म्हणतात. कंपनीला आणि एजन्सीला माफी मागावी लागली, नोकऱ्या गेल्या.

यातला दोष रचनेतला आहे, असं मला वाटतं. कल्पकतेला गुण देणारी माणसं एका खोलीत बसतात, तक्रारी ऐकणारी दुसऱ्या. पहिल्या खोलीत कुणी विचारत नाही की हे पाहून फसेल कोण, आणि दुसऱ्या खोलीत जाहिरात पोहोचते तोवर तिचं काम झालेलं असतं. आयपीएलच्या हंगामात चाललेली जाहिरात हंगाम संपल्यावर मागे घेण्याचा आदेश आला, तर कंपनीचं बिघडलं काय?

मोबाइलने हा गुंता वाढवला, कारण आता जाहिरात जाहिरातीसारखी दिसतच नाही. एखादी ताई स्वयंपाकघरात उभी राहून सहज म्हणून मसाल्याचं नाव घेते. तिला त्याचे पैसे मिळाले असतील तर ते ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. आस्कीचे नियम 2021 चे, ग्राहक व्यवहार विभागाचे जानेवारी 2023 चे. वीस हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेलं 'अॅड' मोजलं जात नाही. 2023 च्याच नोव्हेंबरमध्ये संकेतस्थळांवरच्या 13 लबाड्यांची अधिकृत यादीही निघाली. 'शेवटच्या दोनच खोल्या शिल्लक' असा खोटा घायकुतीचा इशारा, पैसे भरायच्या पानावर अचानक उगवणारं जादा शुल्क, विमा नको म्हटल्यावर 'मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' असं बटण दाबायला लावणं. शेवटचं सुचलेला माणूस हुशार असणार, यात शंका नाही.

एआयच्या चेहऱ्यांबद्दल दोन उदाहरणं शेजारी ठेवली की पुरे. 2021 च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानचा आवाज आणि चेहरा यंत्राला शिकवून, गल्लीतल्या छोट्या दुकानांची नावं त्याच्या तोंडून वदवली. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची शिफारस करताना दिसला, त्याची मुलगी त्यातून पैसे कमावते असंही 'त्याने' सांगितलं. तंत्र तेच. पहिल्यात शाहरुखने होकार दिला होता, दुसऱ्यात सचिनला लोकांना सांगावं लागलं की हा मी नव्हे.

शिक्षेचं म्हणाल तर आस्की दंड करू शकत नाही. ती जाहिरात बदला किंवा काढा एवढं सांगते. पण टीव्हीसाठी केबल नियमांनीच तिची संहिता मोडणारी जाहिरात दाखवायला मनाई केल्यामुळे तिच्या शब्दाला वजन आहे. दात आहेत ते 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला. प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड लावू शकतं, आणि शिफारस करणाऱ्या ताऱ्याला एक वर्ष, पुढच्या खेपेला तीन वर्षांपर्यंत जाहिरातींतून बाहेर ठेवू शकतं. दावा तपासण्याची पुरेशी काळजी घेतली होती हे ताऱ्याने दाखवलं, तर तो सुटतो.

तक्रार कुणालाही करता येते. आस्कीच्या संकेतस्थळावर ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. फ्लेक्सचा किंवा पडद्याचा फोटो, कुठे आणि कोणत्या तारखेला दिसली, आणि नेमकं कोणतं वाक्य खटकलं, एवढं लिहायचं. ते वाक्य खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. मोजता येईल असा दावा ज्याने केला, त्याचा पुरावा त्यानेच मागताक्षणी ठेवायचा, अशी संहितेची अट आहे. म्हणून तक्रारीत रागाचे दोन परिच्छेद लिहिण्यापेक्षा तो दावा जसाच्या तसा, चांदणी आणि तळाच्या मुंगीसकट, उतरवून पाठवलेला बरा.